जरा पंखा बंद करा

दुकानदार : काकू, एक सांगू का? कॉम्प्युटर म्हटला की आवाज आलाच. अजिबात आवाज नको असेल तर पाटी-पेन्सिल घ्या.

आत्या : पाटी-पेन्सिलही वाजते. करकर करते. तुम्ही कधी कान देऊन ऐकलं नसेल.

भाची : आत्या, त्यांना चिडवू नकोस ना. काका, मी यादी करून आणलीये, ही बघा. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर आहे तेच ठेवायचं. घ्यायचं काय, तर ग्राफिक्स कार्ड, एक मेमरी आणि हा तीन पंख्यांचा संच. बजेट बारा हजार. आत्याने टीव्ही विकलाय त्यासाठी, तेव्हा त्याच्यावर एक पैसा नाही.

दुकानदार : वा. यादी करणाऱ्याला कळतंय हां. काकू, भाची हुशार आहे तुमची. हे कार्ड घातलंत ना, की मशीन कसं पळेल बघा.

आत्या : मला ते पळवायचं नाहीये. गप्प बसवायचंय.

दुकानदार : म्हणजे?

आत्या : बसू का या स्टुलावर? हं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. एकतीस वर्षं. मग सगळं आपोआप जोडलं जायला लागलं आणि आम्हाला नारळ मिळाला. आता एका कंपनीला पुस्तकं वाचणारी माणसं हवी आहेत. मोबाइलवर ऐकायची पुस्तकं असतात ना, ती. मी घरच्या कॉम्प्युटरवर दहा मिनिटं वाचून नमुना पाठवला. त्यांच्या रेकॉर्डिस्टचा फोन आला. म्हणाला, आवाज फार सुरेख आहे तुमचा, पण मागे कोण दळण दळतंय?

भाची : दळण म्हणजे आमचा कॉम्प्युटर.

आत्या : परवा पाचपर्यंत स्वच्छ नमुना पाठवला तर काम माझं. नाहीतर त्यांच्याकडे दुसरी बाई तयार आहे. तसं त्याने स्पष्टच सांगितलं, आणि बरं केलं. मला आडून बोललेलं आवडत नाही.

दुकानदार : अहो, पण आवाज साफ करायची सॉफ्टवेअरं असतात की. फुकट मिळतात.

भाची : केलं तेही. घरघर गेली, पण आत्या हौदात बसून वाचतेय असं वाटायला लागलं. कॉम्प्युटर लांब ठेवावा तर खोली एवढीशी, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. फ्रिज बंद केला, घड्याळ गादीत गुंडाळून कपाटात ठेवलं, पंखा बंद करून घामाघूम होऊन वाचलं बिचारीने. दळण सुरूच.

दुकानदार : मग हे तीन पंखे घ्या. डब्यावरच लिहिलंय, शांत. शिवाय लाल-निळे दिवे लागतात.

आत्या : दिव्यांचं रेकॉर्डिंग होत नाही. लावून दाखवा.

दुकानदार : इथे? आत्ता?

आत्या : साडी घेताना उलगडून बघतो, मग पंखा घेताना फिरवून बघायला नको का? तुमच्या त्या टेबलावर तारा दिसतायत सगळ्या. लावा. आणि त्याआधी जरा पंखा बंद करा. डोक्यावरचा.

दुकानदार : काकू, उकडेल.

आत्या : पाच मिनिटं उकडलं तर कोणी विरघळत नाही. दारही ओढून घ्या. रस्त्यावर कोणीतरी फरशी कापतंय.

भाची : काका, करा. ती ऐकणार नाही.

दुकानदार : बरं बाई. पंखा बंद. दार बंद. आता गिऱ्हाईक आलं तर त्याला वाटेल दुकान बसलं. हं, हा पहिला पंखा.

आत्या : ठीक आहे. नुसता वाऱ्याचा आवाज. पुढचा.

दुकानदार : हा दुसरा.

आत्या : हाही त्याचाच भाऊ. पुढचा.

दुकानदार : हा तिसरा.

आत्या : काढा. यात खडा आहे.

दुकानदार : खडा? काकू, तुमच्यासमोर नवाकोरा डबा फोडलाय.

आत्या : डबा नवा असेल. पंख्याच्या आत, मधोमध, काहीतरी घासतंय. दर फेरीला एकदा. टिक, टिक, टिक. तुम्हाला ऐकू येत नसेल तर बोटाचं टोक कडेला लावून बघा.

भाची : मी बघते. हो काका, थरथरतोय हा. बाकीचे दोन नाही थरथरत.

दुकानदार : आणा इकडे. हं. थांबा. अरेच्चा. हा तर... असं आहे काकू, एका गिऱ्हाइकाने हा परत आणला होता. म्हणाला, वाजतो. मी लावून बघितला, मला काही वाजला नाही. म्हटलं, नखरे असतील. घातला परत डब्यात.

आत्या : त्याचा कान चांगला होता.

दुकानदार : दीड वर्ष झालं त्याला. आणि तुम्ही दहा सेकंदांत...

आत्या : आमच्या बोर्डवर दोनशे चाळीस लाइनी होत्या. कुठली बिघडली हे लोकांनी तक्रार करायच्या आधी आम्हाला कळायला हवं. हेडफोन एका कानाला, दुसरा कान मोकळा. तारेत ओल गेली की एक आवाज, सांधा सैल झाला की दुसरा. शिकवलं कोणी नाही. रोज आठ तास ऐकलं की येतं. आता ते कार्ड लावा, हिच्या यादीतलं. काय म्हणालात, ग्राफिक्स.

भाची : ते राहू दे ना आत्या. ते चांगलंच असतं.

आत्या : सगळं ऐकायचं ठरलंय ना? लावा हो.

दुकानदार : हे बघा. याला स्वतःचे दोन पंखे आहेत. आत्ता हळू आहेत, काम वाढलं की जोरात.

आत्या : अगं बाई. आवाज कमी करायला आलोय आणि दोन भोंगे विकत न्यायचे? काका, मला एक सांगा. माणूस पुस्तक वाचतोय, मायक्रोफोनमधून आवाज आत जातोय. त्यात या कार्डाचं काम काय?

दुकानदार : तसं म्हणाल तर... काहीच नाही. हे व्हिडिओला लागतं. किंवा गेम खेळायला.

आत्या : असं. मग हे यादीत कसं आलं?

भाची : पुढचा विचार करून घातलं. भविष्यासाठी.

आत्या : कुणाच्या?

भाची : आत्या, मी शनिवार-रविवार तुझ्याकडे येते ना...

आत्या : येतेस. मला वाटायचं आत्याच्या ओढीने येतेस.

भाची : त्याच ओढीने येते. आल्यावर थोडं खेळते. पन्नास टक्के ओढ, पन्नास टक्के गेम.

आत्या : खरं बोललीस म्हणून सोडते. काट ते. बाई माझी, माझ्या दहा मिनिटांवर पाणी पडलं असतं तुझ्या त्या कार्डापायी. आता नीट विचार करून सांग. आपल्या डब्यात आत्ता काय काय वाजतं?

भाची : तीन गोष्टी. एक, प्रोसेसरवरचा छोटा पंखा. तो लहान आहे म्हणून त्याला भिंगरीसारखं फिरावं लागतं. दोन, पॉवर सप्लायचा पंखा, तो तर खोकतो. आणि तीन, हार्ड डिस्क. आत तबकडी असते, ती सतत गरगरते.

आत्या : मग या तिघांना घरी पाठवायचं. काका, न वाजणारी डिस्क असते का?

दुकानदार : असते की. एसएसडी. आत फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिपा. ही बघा, विड्याच्या पानाएवढी. जागा जरा कमी असते स्वस्तातल्यात.

आत्या : माझं बोलणं मावेल ना? मग झालं.

दुकानदार : प्रोसेसरसाठी हा मोठा कूलर. पंखा बशीएवढा आहे, त्यामुळे सावकाश फिरतो. थांबा, मीच लावतो, ऐका.

आत्या : हं. हा शहाणा आहे. घ्या बाजूला.

भाची : काका, उंची किती याची? आमचं कॅबिनेट मी फूटपट्टीने मोजून आणलंय. एकशे साठ मिलिमीटरच्या वर नको, नाहीतर झाकण लागणार नाही.

दुकानदार : एकशे पंचावन्न. बसेल. आणि पॉवर सप्लाय म्हणाल, तर काकू, हा एक आहे. कमी काम असेल तर याचा पंखा फिरतच नाही. गरम झाला तरच उठतो. तुमच्या कामाला तो कधी उठणारच नाही. पण महाग आहे. सहसा मी बारा हजारवाल्याला दाखवत नाही.

आत्या : मग आज दाखवा. लावा.

भाची : आत्या, चालू आहे तो. हिरवा दिवा बघ.

आत्या : मला दिवा बघायची गरज नाही. त्याच्या आत बारीकशी शीळ वाजतेय. पण हातभर लांब धरला की संपते. माईकपासून तेवढा लांब राहील. हा पाहिजे.

दुकानदार : ती शीळ मलाही कधी ऐकू आली नाही हो. पंधरा वर्षं विकतोय. चला, हिशेब करतो. एसएसडी, कूलर, पॉवर सप्लाय, आणि ताईंची एक मेमरी. काकू, चौदाशे वर जातंय.

भाची : मग मेमरी काढा.

दुकानदार : मेमरी काढली तर रेकॉर्डिंग मध्येच अडकेल. आत्ताची फारच तुटपुंजी आहे. प्रामाणिकपणे सांगतो, ती नका काढू.

आत्या : तुमच्या मागे त्या खोक्यात काय आहे? वर "परत" लिहिलंय ते.

दुकानदार : ते होय. परत आलेले पंखे. तीसेक असतील. त्यातले किती खरंच खराब आणि किती नखरेवाल्यांनी परत केलेले, देव जाणे. फेकवतही नाहीत, विकायची भीतीही वाटते. विशेषतः आजपासून.

आत्या : मी ते ऐकून देते. सगळे. चांगले एकीकडे, वाईट एकीकडे. वाईटात काय बिघडलंय तेही सांगते, चिठ्ठी तुम्ही चिकटवा. चौदाशे सोडा.

दुकानदार : तीस पंखे? तासभर जाईल तुमचा.

आत्या : मी रोज आठ तास जगाचं बोलणं जोडून दिलंय. तीस पंखे म्हणजे माझी मधली सुट्टी. बोला, जमतंय?

दुकानदार : जमतंय. ताई, तुम्ही जरा दारात उभ्या राहा, कोणी आलं तर सांगा, आत काम चालू आहे. काकू, पाणी देऊ?

आत्या : नंतर. घोट घेतला की कानात आवाज होतो. लावा पहिला.

* * *

भाची : आत्या, हात लावू नकोस कूलरला, उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावलीये खाली. वाटाण्याएवढी लावायची असते, माझ्याकडून हरभऱ्याएवढी पडलीये.

आत्या : मी कुठे हात लावतेय. घड्याळ बघतेय. अडीच वाजले. पाचला पाठवायचंय, आणि तुझा स्क्रू ड्रायव्हर कालपासून चाललाय.

भाची : काल निम्मा वेळ धूळ काढण्यात गेला. सहा वर्षांची होती. पॉवर सप्लायच्या पंख्यात तर तुझी लोकर निघाली, मोरपिशी.

आत्या : तो स्वेटर मी चार वर्षांपूर्वी विणला. म्हणून खोकत होता होय बिचारा.

भाची : झालं. हा शेवटचा स्क्रू. झाकण लागतंय का बघ... लागलं. पाच मिलिमीटर सुटले, मोजलं होतं मी.

आत्या : शाब्बास. हे मात्र तुझं. मला नसतं सुचलं मोजून न्यायचं. आता बटण दाब ना. कधीची नुसती उभी आहेस.

भाची : दाबलं.

आत्या : कधी?

भाची : तू चष्मा पुसत होतीस तेव्हा. पडद्याकडे बघ.

आत्या : चालू आहे हे?

भाची : चालू आहे. नवीन डिस्कवरून. अकरा सेकंदांत उठलं. आधी आपण चहा टाकून यायचो तेवढ्यात.

आत्या : ठमे, मला शेजारच्यांचा नळ ऐकू येतोय. गळतोय. सहा वर्षांत कॉम्प्युटर चालू असताना पहिल्यांदा ऐकू आला.

भाची : आपण केलं, आत्या. बारा हजारांत. त्या कार्डाशिवाय. मी अख्ख्या कॉलेजात सांगणार आहे.

आत्या : थांब.

भाची : काय?

आत्या : आत अजून कोणीतरी आहे.

भाची : नळ असेल.

आत्या : नळ गळतो. हे गुणगुणतंय. खालून येतंय, कॅबिनेटच्या पुढच्या अंगाने. जुन्या ट्रंक लाइनीवर असायचं तसं, एकच सूर, न थांबता. कालपर्यंत बाकीच्या गोंगाटात झाकलं गेलं होतं. आता सगळे गप्प झाले तर हाच पुढे आलाय.

भाची : मला तर काहीच ऐकू येत नाहीये. माईकला पण नाही येणार. आपण रेकॉर्डिंग सुरू करूया, वेळ जातोय.

आत्या : तुझ्याही बोलण्यात काहीतरी वाजतंय.

भाची : माझ्या?

आत्या : "नळ असेल" म्हणताना घाई केलीस. मी विचारायच्या आत उत्तर तयार होतं. एकतीस वर्षांत मी हजार नवरे ऐकलेत गं, ऑफिसातून बोलतोय म्हणणारे. झाकण काढ.

भाची : आत्या...

आत्या : काढ.

भाची : जुनी हार्ड डिस्क आहे. मी काढलीच नाही. खालच्या कप्प्यात तशीच ठेवली, जोडून.

आत्या : तिला घरी पाठवायचं ठरलं होतं. दुकानात तूच सांगितलंस, तिसरी वाजणारी ती.

भाची : हो. पण नवीन डिस्क छोटी आहे. तिच्यात माझा गेम मावत नाही. मला वाटलं एवढं सगळं शांत झाल्यावर एकटी डिस्क कुठे ऐकू येणार.

आत्या : गेम.

भाची : नुसता गेम नाही गं. मी त्यात एक शहर वसवलंय. तीन वर्षं. नदीवर सहा पूल आहेत, ट्राम आहे, धरण आहे. दोन लाख लोक राहतात. डिस्क काढून कुठेतरी पडून राहिली, खराब झाली तर सगळं जाईल. चुकलं माझं. काढते.

आत्या : रडू नकोस, हातात स्क्रू ड्रायव्हर आहे. बस इथे. ऐक. मी तुला एक गोष्ट सांगते, आणि ती मी तुझ्या बापालाही सांगितलेली नाही.

भाची : सांग.

आत्या : एकतीस वर्षं माझा आवाज लोकांनी ऐकला तो दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजाची वाट बघत. मी म्हणायचे, थांबा, जोडते. आणि मी बोलत असतानाच पलीकडे कोण येतंय याकडे त्यांचे कान. बरोबरच आहे, ते बायकोशी, मुलाशी बोलायला आलेले असायचे. मी बाजूला व्हायचे. चांगलं काम होतं ते, मला त्याची लाज नाही. पण त्या माणसाने फोनवर सांगितलं, आवाज सुरेख आहे तुमचा. तेव्हा मला कळलं. मला एकदाच, या वयात, कोणीतरी मलाच ऐकायला हवंय. दुसऱ्या कशाची वाट न बघता. तेवढंच. आणि ते आज पाचला ठरणार आहे.

भाची : आत्या, तू आधी का नाही सांगितलंस?

आत्या : तू तरी कुठे सांगितलंस, दोन लाख लोक माझ्या टेबलाखाली राहतात म्हणून?

भाची : निघाली. ही बघ. गरम आहे अजून.

आत्या : दे इकडे. या लोकरीच्या टोपीत ठेवते आणि टोपी माझ्या कपाटात, चांदीच्या वाटीशेजारी. तुझ्या शहराला काही होणार नाही. आता कर चालू.

भाची : केलं.

आत्या : हं.

भाची : हं म्हणजे?

आत्या : हं म्हणजे डब्यात कोणी नाही. नळ भिंतीपलीकडचा, तो माईकपर्यंत पोचत नाही. आता फक्त तूच वाजतेयस.

भाची : मी?

आत्या : नाक चोंदलंय तुझं रडून. बाहेर जिन्यात बस. कोणी बेल वाजवायला आलं तर अडव. मी दार उघडेपर्यंत आत यायचं नाही.

* * *

दुकानदार : या या काकू. आठवडा झाला की. मला वाटलं काही बिघडलं म्हणून येणार, पण तुमचा चेहरा तर वेगळंच सांगतोय. अहो, तुम्ही गेल्यापासून मला सगळं वाजायला लागलंय. घरचा फ्रिज झोपू देत नाही. बायको म्हणते, काय होतंय तुम्हाला.

आत्या : पाय समान करा त्याचे. एक पाय अधांतरी असेल. पत्त्यांची दोन पानं खाली सरकवा.

भाची : काका, आधी तुमच्या खोक्याचं सांगा. ते पंखे?

दुकानदार : चौतीस होते. काकूंनी एकोणीस चांगले काढले. त्यातले सोळा विकले गेले, एकही परत नाही. बाकी पंधरांवर मी तुमच्या चिठ्ठ्या तशाच ठेवल्यात. "घासतो." "डुगडुगतो." एकावर तुम्ही सांगितलं होतं, "हा उगाच तक्रार करतो." तो मी माझ्यासाठी ठेवलाय. पण माझं सोडा. तुमचं काय झालं?

आत्या : मला एक डिस्क हवी आहे. ती चिपांचीच, पण मोठी. हिचं शहर मावत नाहीये.

दुकानदार : कसलं शहर?

भाची : ते नंतर सांगते. आत्या सांगणार नाही, मीच सांगते. पाचला सात मिनिटं कमी असताना फाइल गेली. मी दीड तास जिन्यात होते. पार्सलवाल्याला खुणेने परत पाठवला, वरच्या आजोबांना काठी उचलून चालायला लावलं. मग दोन दिवस काही नाही. आत्याने त्या दोन दिवसांत एक मोजा विणला, उसवला, परत विणला. तिसऱ्या दिवशी रेकॉर्डिस्टचा फोन. त्याने आधी काय विचारलं असेल?

दुकानदार : काय?

भाची : कुठल्या स्टुडिओत केलंत? भाडं किती घेतात? आम्हालाही पत्ता द्या.

दुकानदार : खरं सांगता? मग तुम्ही काय म्हणालात काकू?

आत्या : म्हटलं, माझ्या खोलीत. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात.

दुकानदार : म्हणजे काम मिळालं.

आत्या : मिळालं. पाचशे पानांची कादंबरी आहे. दीपगृह सांभाळणाऱ्या एका बाईची. काल आगाऊ रक्कमही आली, म्हणून तर डिस्क घ्यायला आले. ही चांगली वागलीये, बक्षीस द्यायला हवं.

भाची : आत्या, ती दुसरी गोष्ट सांग ना. तो शेवटी काय म्हणाला ते.

आत्या : कशाला आता.

भाची : सांग. नाहीतर मी सांगताना वाढवून सांगेन.

आत्या : तो म्हणाला, मला नमुन्याचं फक्त पहिलं मिनिट तपासायचं असतं. मागे काही वाजतंय का एवढंच. तुमचं मी दहाच्या दहा मिनिटं शेवटपर्यंत ऐकलं. आणि ऐकताना चहा गार झाला माझा.

दुकानदार : काकू.

आत्या : हो. मला फार आनंद झाला. घरी हिला मिठी मारली आणि मग शेजारच्यांचा नळ दुरुस्त करून दिला. वॉशर गेला होता.

भाची : मी मदत केली. आता ती खोली इतकी शांत आहे काका, की मला माझं शहर बांधताना पण कुजबुजत बोलावंसं वाटतं.

दुकानदार : मोठी डिस्क काढतो थांबा. ही घ्या, आणि किमतीचं बघू नका, मला परवडेल तेवढंच लावतो. पण काकू, एक मागणं आहे. राग मानू नका.

आत्या : परत पंखे का? किती आहेत?

दुकानदार : पंखे नाहीत. तुमच्या पिशवीतून ते जाडं पुस्तक डोकावतंय. तेच ना, दीपगृहाचं? आत्ता दुकानात कोणी नाही. एखादं पान... मला वाचनाची सवय नाही, शाळेनंतर पुस्तक हातात धरलं नाही. पण ऐकीन म्हणतो.

आत्या : इथे? आत्ता?

दुकानदार : तुम्हीच म्हणालात ना, उलगडून बघावं.

आत्या : बरं. पहिलंच पान वाचते. चष्मा कुठे गेला माझा? हं. बसा तुम्ही. ठमे, तूही बस.

दुकानदार : थांबा काकू, एक मिनिट. आधी पंखा बंद करतो.